घोड्यावरून शेती

वकीलसाहेब घोड्यावर बसले ते वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, आणि तेही कायद्याचं एक कलम वाचून. कुणी हौसेने घोड्यावर बसतो, कुणी डॉक्टरच्या सांगण्यावरून, कुणी लग्नाच्या वरातीत एकदा बसतो आणि पुन्हा नाव घेत नाही. कलम वाचून खोगीर शोधायला निघालेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही, आणि आमच्या कल्याण गावानेही पाहिला नसेल.

इंग्रज जाऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं आणि नवा कुळकायदा आला होता. जमीन कसणाऱ्या कुळाला मालकाने मनात येईल तेव्हा हुसकून लावायचं नाही, असं तो कायदा म्हणत होता. पण मालक स्वतःच जमीन कसत असेल, तर तिथे कूळ नाहीच. राबणारा तो नुसता मजूर. आणि स्वतः कसणं म्हणजे हाताने नांगर धरलाच पाहिजे असं नाही. मजूर लावून जातीने देखरेख ठेवली तरी पुरे. हे शेवटचं वाक्य वकीलसाहेबांनी मला मोठ्याने तीनदा वाचायला लावलं. मग चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला आणि म्हणाले, "देखरेख. चांगला शब्द आहे. आता ती लोकांना दिसली पाहिजे."

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. मॅट्रिक होऊन पारनाक्यावरच्या त्यांच्या माडीवर लेखनिक म्हणून लागलो होतो, कारण माझं अक्षर चांगलं होतं. दिवसा मी त्यांच्या नोटिसा आणि अर्ज लिहीत असे. संध्याकाळी स्टेशनाजवळच्या एका खोलीत आमची मंडळी जमत, तिथे शेतकऱ्यांच्या हक्कांची पत्रकं लिहीत असे. सकाळी ज्या अक्षरात मी एखाद्या माणसाला जमिनीवरून निघून जा असं बजावलेलं असे, त्याच अक्षरात संध्याकाळी त्याला लढायला सांगत असे. हे मला तेव्हा फारसं खटकत नव्हतं. पोट आणि विचार वेगळ्या खोल्यांत ठेवता येतात असं माझ्यासारख्या पुष्कळ शूर तरुणांना वाटत होतं.

मलंगगडाच्या वाटेवर, कल्याणपासून दोन कोसांवर, वकीलसाहेबांची चार एकर भातजमीन होती. ती त्यांना आजोबांकडून आली होती आणि त्यांनी ती आयुष्यात दोनदा पाहिली होती. एकदा लहानपणी गडावर जाताना आणि एकदा मोजणीच्या वेळी, तीही रस्त्यावरून. ती कसत होता गोमा. त्याच्याआधी त्याचा बाप, त्याच्याआधी बापाचा बाप. दर वर्षी झोडणी आटोपली की गोमा आणि त्याची बायको हिरू खंडाचं भात गाडीत घालून पारनाक्यावर आणून टाकत. वकीलसाहेबांनी त्याची पावती कधी दिली नाही. "घरच्या माणसाला कसली रे पावती?" असं ते अगदी मायेने म्हणत. त्या मायेमुळेच आपण कूळ आहोत हे दाखवायला गोमाजवळ कागदाचा कपटासुद्धा नव्हता.

गोमा कूळ नसून आपला मजूर आहे आणि जमीन आपणच कसतो, असा अर्ज वकीलसाहेबांनी मामलेदार कचेरीत करायचं ठरवलं. त्यासाठी आधी शेतावर जायला हवं होतं, आणि गेलेलं दिसायला हवं होतं. मी सुचवलं की बैलगाडीने जाता येईल. त्यांनी माझ्याकडे अशिलाकडे बघावं तसं बघितलं. म्हणाले, गाडीत कोण बसलंय हे कुणी वाकून बघत नाही, पायी तर कुणीही जातं. "घोड्यावरचा माणूस लोक दहा वर्षं विसरत नाहीत. साक्षीदार वाटेवर आपोआप उभे राहतात."

पुढच्या आठवड्यातच त्यांना आपले पूर्वज आठवले. ते पेशवाईत घोडदळात होते म्हणे. असतीलही, घोड्यांच्या चंदीचा हिशेब लिहायला कुणीतरी लागतच असणार. पण माडीवर येणाऱ्या प्रत्येक अशिलाला हा घोडदळाचा इतिहास ऐकावा लागे, आणि अशील बिचारे माना डोलावत, कारण त्यांची कामं अडलेली असत. ठाण्याला एक इंग्रज जंगलअधिकारी गाशा गुंडाळून विलायतेला चालला होता. त्याच्या सामानाचा लिलाव झाला, तिथून वकीलसाहेबांनी खोगीर, गुडघ्यापर्यंतचे बूट आणि सोला हॅट आणली. टेंभी नाक्यावरून स्टेशनपर्यंत ते खोगीर मी डोक्यावर वाहिलं, म्हणून त्याचं वजन मला ठाऊक आहे. त्याच्या चामड्यावर साहेबाच्या नावाची आद्याक्षरं ठोकलेली होती. खरवडून काढू का, असं मोच्याने विचारलं तेव्हा वकीलसाहेबांनी त्याचा हात धरला. राहू द्या म्हणाले, त्यानेच तर खोगिराला रुबाब आहे. बाहेर कल्याण कॅम्पात घरदार सोडून आलेले निर्वासित लष्कराच्या जुन्या बराकींत गोणपाटाचे आडोसे करून राहत होते. देश स्वतंत्र झाल्याची किंमत मोजत होते. आणि आमचे वकीलसाहेब गेलेल्या साहेबाच्या बैठकीवर आपली बैठक बरोबर बसते की नाही हे पाहत होते.

घोडी मिळाली दूधनाक्यावरच्या उस्मानचाचांची. त्यांचे दोन टांगे स्टेशनावर चालत. त्यातल्या एका टांग्याची ही करडी घोडी, शेवंती, वयाने उतरली होती. जन्मभर टांग्याला जुंपलेली असल्यामुळे तिच्या डोळ्यांना दोन्ही बाजूंनी झापडं बांधलेली असत. ती काढली की बाजूने सायकल गेली तरी ती बिचकायची. म्हणून वकीलसाहेबांनी झापडं तशीच ठेवली. देखरेख करायला निघालेला मालक आणि त्याच्याखाली समोरचा रस्ता सोडून काही न दिसणारं जनावर, असं ते दृश्य होतं. चालही तिची टांग्याचीच, ना मंद ना वेगवान. वकीलसाहेबांनी टाच मारून पाहिली, चुचकारून पाहिलं, शेवटी ओरडूनही पाहिलं. उस्मानचाचा शांतपणे म्हणाले, "वकीलसाब, तिला वाटतंय मागे टांगा आहे. वाटू द्या तिला. त्यातच तुमचं भलं आहे."

शिकवणी दुर्गाडीच्या मैदानावर सकाळी सुरू झाली. घोडीशेजारी रॉकेलचं खोकं ठेवायचं, खोक्यावर वकीलसाहेब, डावा पाय रिकिबीत, आणि मग उस्मानचाचांनी मागून उचलायचं. पहिल्या दिवशी ते एका बाजूने चढले आणि दुसऱ्या बाजूने तितक्याच सहजपणे खाली आले. मैदानावर फिरायला आलेल्या पेन्शनर मंडळींनी ते पाहिलं. वकीलसाहेबांनी धोतर झटकलं, घोड्यावर बसायच्या ब्रीचेस तेव्हा अजून शिवून यायच्या होत्या, आणि कुणी न विचारता सांगितलं की आपण उतरलो. पुढच्या महिनाभरात ते नऊ वेळा तरी असे उतरले. एकदा बाभळीत उतरले, एकदा खाडीच्या कडेला. पडलो हा शब्द त्यांच्या तोंडून कधी आला नाही. कोर्टात खटला हरले तरी ते निकाल प्रतिकूल लागला असंच म्हणत.

एवढं मात्र कबूल करायला हवं की त्यांना जनावरांची भीती होती आणि तरीही ते रोज सकाळी खोक्यावर चढत होते. लहानपणी त्यांना गाईने ढुशी दिली होती. रस्त्यात बैल दिसला तर ते पलीकडच्या बाजूने जात. घोडीने मान वळवली की त्यांच्या ओठांवर घाम येई. पंचावन्नाव्या वर्षी, सांधे धरलेले असताना, रोज सकाळी आपल्या भीतीवर पाय ठेवून वर चढणं सोपं नसतं. हीच चिकाटी दुसऱ्या कशावर खर्च झाली असती तर मी त्यांच्यावर आज वेगळं लिहिलं असतं. ती खर्च झाली एका माणसाच्या तोंडचा घास काढायला, म्हणून ती वर्णन करताना माझ्या मनात कौतुक येत नाही, चीड येते.

माघात ते पहिल्यांदा शेतावर गेले. मी मागून सायकलवर, बगलेत रोजनिशी. ही रोजनिशी म्हणजे त्यांचा मुख्य पुरावा. रोज सकाळी कुठे गेलो, काय पाहिलं, मजुरांना काय सूचना दिल्या, हे ते सांगत आणि मी लिहीत असे. आता माघात भातशेतात पाहण्यासारखं काय असतं? कापणी होऊन गेलेली, जमीन वाळून दगडासारखी, तीत कापलेल्या भाताची खुंटं आणि त्यांवर चरणारी गुरं. तरीही वकीलसाहेब रस्त्यावर घोडी उभी करून शेताकडे बघत आणि मला लिहायला सांगत, "जमिनीची सर्वसाधारण स्थिती समाधानकारक." गावातली बायामाणसं पाण्याला जाताना थांबून त्यांच्याकडे बघत. त्यांनी बघावं हेच तर हवं होतं. वकीलसाहेब हॅटला हात लावत आणि मला हळूच विचारत, किती जणांनी पाहिलं.

फाल्गुनात एका सकाळी आम्ही गेलो तर शेताच्या एका कोपऱ्यातून धूर निघत होता. गोमा आणि हिरू राब भाजत होते. ठाणे जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला राब ठाऊक नसावा हे मला अजूनही खरं वाटत नाही. शेण, पाला, गवत यांचे थर रोपाच्या जागेवर पसरून जाळायचे, म्हणजे पावसाळ्यात तिथे रोप जोमाने वर येतं. सगळ्या वर्षाच्या भाताची सुरुवात तिथून. वकीलसाहेब घोडीवर ताठ झाले आणि म्हणाले, शेताला आग लागली आहे, ताबडतोब विझवा. गोमाने आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. गोमा म्हणाला, "व्हय सायेब, इजवतो," आणि काठीने धुरावर उगाच दोन-चार वेळा हाणलं. आम्ही वळणापलीकडे गेलो तोवर राब पुन्हा धगधगत होता. त्या दिवशीची नोंद माझ्याच हातची आहे. मजुरांच्या हलगर्जीपणाने शेतात लागलेली आग स्वतः हजर राहून विझवून घेतली.

ज्येष्ठात पाऊस सुरू झाला आणि वकीलसाहेबांचं जाणं थांबलं. गावाची वाट म्हणजे गुडघाभर राड, घोडी घसरायची, हॅटमधून पाणी गळायचं. वर्षभरातल्या ज्या तीन महिन्यांत शेतावर खरोखर माणूस लागतो, त्या तीन महिन्यांत मालक माडीवर खुर्चीत बसून चहा पीत होता. पण रोजनिशी थांबली नाही. खिडकीबाहेर पाऊस कोसळत असे आणि ते मला सांगत की आज आवणीवर, म्हणजे रोपांच्या लावणीवर, देखरेख केली, आज बांध फुटला तो घालून घेतला, आज रोपांच्या जुड्या मोजल्या. मी लिहीत होतो. चांगल्या अक्षरात, समासाला जागा सोडून लिहीत होतो. संध्याकाळी खोलीवर जाऊन सरंजामशाहीच्या नरड्याला नख लावा असं पत्रक लिहीत होतो. गोमाला मी सगळं आधीच सांगू शकलो असतो. त्याला वकील शोधून देऊ शकलो असतो. उद्या सांगू असं करत करत श्रावण उजाडला आणि सुनावणीची तारीख लागली.

मामलेदार नव्याने बदलून आले होते, घाटावरचे. कोरडवाहू मुलखात वाढलेला सरळ माणूस, पण भातशेताशी संबंध नाही. वकीलसाहेबांनी ते आधीच हेरलं होतं. गोमाच्या बाजूने गावचे सात-आठ जण कचेरीत जमिनीवर उकिडवे बसले होते. त्याला वकील नव्हता. हिरू दाराबाहेर पायरीवर बसली होती. जमीन गेली तर पुढच्या आवणीला दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला उभं राहायचं, हे त्या दोघांच्या तोंडावर लिहिलेलं होतं आणि ते वाचायला मॅट्रिक व्हावं लागत नव्हतं.

मला शपथ देऊन बाकाजवळ उभं केलं. वकीलसाहेबांनी रोजनिशी माझ्यापुढे धरून विचारलं की अक्षर तुझं का, आणि नोंदी त्या त्या दिवशीच लिहिल्या का. मी होय म्हटलं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. वकीलसाहेबांनी प्रश्नच इतके बेताचे ठेवले होते की खोटं बोलायची वेळच येऊ नये. पुढे एक वाक्य मी आपणहून बोलू शकत होतो. बोललो नाही. गोमा माझ्याकडे बघत होता की नाही मला माहीत नाही, कारण मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

मग मामलेदार रोजनिशी मोठ्याने वाचू लागले आणि फाल्गुनातल्या आगीपाशी आले. जमिनीवर बसलेल्या मंडळींतून एक हुंकार आला, मग दुसरा, आणि मग सगळे खाली माना घालून हसू लागले. एकाने तोंडात उपरणं कोंबलं. मामलेदारांनी काय झालं म्हणून विचारलं तेव्हा गोमा हात जोडून उभा राहिला. "आग नाय ती सायेब. राब हाय. राब नाय भाजला त रोप कशाव टाकाचा?" मग त्याने राब म्हणजे काय ते समजावून सांगितलं आणि म्हणाला की मला वकीलसायबांना एकच गोष्ट इचाराची हाय. मामलेदारांनी परवानगी दिली. गोमाने विचारलं, "आवनीच्या दिसांना तुमी घोरा कंच्या बांधाव उबा केला व्हता?"

इथे साधं उत्तर होतं. रस्त्यावर उभा होतो म्हटलं असतं तरी कायद्याला पुरलं असतं. देखरेख रस्त्यावरूनही होते. पण वकीलसाहेबांच्या कानात अजून ते हसणं होतं. ते उभे राहिले, कोटाची बटणं सारखी केली आणि म्हणाले, "मी बांधावर कशाला उभा राहू? मी शेतात होतो. घोड्यावर. अगदी मधोमध." या वेळी कुणी हसलं नाही. गावची माणसं नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला की घोडीचं काय झालं मग. घाटावरच्या मामलेदारांना त्यात गैर काय ते कळलं नाही, पण काहीतरी गैर आहे एवढं कळलं. त्यांनी स्थळपाहणीचा हुकूम केला. दोन दिवसांनी, सकाळी, दोन्ही पक्षांनी शेतावर हजर राहावं.

त्या सकाळी पाऊस उघडला होता. शेतात रोप जीव धरून वीतभर वर आलं होतं, पायथ्याशी पाणी, आणि पाण्याखाली लोण्यासारखा चिखल. मामलेदार, त्यांचा कारकून आणि तलाठी बांधावर ओळीने उभे होते. वकीलसाहेब शेवंतीवर, बूट, ब्रीचेस, हॅट, सगळा सरंजाम. मामलेदारांनी विचारलं की आवणीच्या दिवशी आपण कुठे उभे होता ते दाखवाल का. मला वाटलं आता तरी ते काहीतरी वकिली करतील, पाय दुखतोय म्हणतील, घोडी आजारी आहे म्हणतील. त्यांनी लगाम खेचला आणि घोडी शेताच्या तोंडाशी वळवली. गोमा दोन्ही हात पसरून आडवा आला. "रोपा हायत सायेब. घोरा नका घालू. तिचा पाय जाईल." वकीलसाहेब म्हणाले की जमीन माझी आहे.

याच एका कृतीत सगळा निकाल होता. ज्याने कधी एक रोप लावलं आहे तो उभ्या रोपावर घोडा घालत नाही, मग ती जमीन कुणाच्याही नावावर असो. पण वकीलसाहेबांना ते रोप दिसतच नव्हतं. त्यांना कागदावरचे चार एकर दिसत होते.

शेवंतीला झापडांमुळे फक्त समोरचं सपाट हिरवं दिसलं. ती आज्ञेप्रमाणे चार पावलं गेली आणि पाचव्याला पोटापर्यंत रुतली. तिने एकदा उसळी मारली आणि दोन रांगा उखडल्या. खोगीर एका बाजूला सरकलं आणि वकीलसाहेब चिखलात कमरेइतके रुतून उभे राहिले. बूट आत अडकले. एक पाय उपसावा तर दुसरा आणखी खाली जाई. हॅट रोपांवर तरंगत होती. गोमा आणि त्याचे दोन भाऊ आधी घोडीकडे गेले. तिच्या पोटाखाली फळी सारून, तंग सोडून, तिला धीर देत बाहेर काढू लागले. हिरू वाकून उखडलेली रोपं एकेक उचलून परत लावत होती. वकीलसाहेब हलले की तिने लावलेलं पुन्हा मोडत होतं. ती वर न बघताच म्हणाली, "मालकाना सांगा, हालू नका म्हनाव. रोपा मोरतान."

तेव्हा वकीलसाहेबांनी हाक मारली. कोर्टातला आवाज नव्हता तो. लहान मुलाने अंधारात मारावी तशी हाक होती. "गोमा, पाय कुठे ठेवू रे?"

गोमाने घोडीचा लगाम भावाच्या हातात दिला आणि तिथूनच बोटाने दाखवलं. "डावीकरं टाका सायेब, हातभर. तिथं खाली खरप हाय. माज्या आजोबाच्या येलेपासून हाय." वकीलसाहेबांनी डावा पाय हातभर अंतरावर टाकला आणि चिखलाखालच्या त्या दगडावर तो टेकला. गोमाने हात दिला. बूट आतच राहिले. मामलेदार बांधावर उभे राहून काहीतरी लिहीत होते, आणि त्यांनी त्यानंतर कुणालाच काही विचारलं नाही.

निकाल आठ दिवसांनी लागला. गोमा कूळ ठरला. निकालपत्रात एक वाक्य होतं, ते मी नकलून घेतलं होतं आणि पुढे आमच्या पत्रकातही घातलं. मालकास आपल्याच शेतात पाऊल कोठे ठेवावे हे सामनेवाल्यास विचारावे लागले, हे मी समक्ष पाहिले. गोमाने गावात गूळ वाटला. मलाही द्यायला तो पारनाक्यावर आला, माडीच्या खाली उभा राहून त्याने पुडी माझ्या हातात ठेवली आणि रोजनिशीबद्दल एक शब्दही काढला नाही. 

आता वकीलसाहेब घोडी परत करतील असं सगळ्या कल्याणला वाटलं. त्यांनी ती परत केली नाही. रोज सकाळी ते दुर्गाडीच्या मैदानावर जात, खोक्यावरून चढत आणि तीन फेऱ्या मारून येत. साक्षीदार नको होते, नोंद नको होती. आल्यावर ते स्वतः तिचं अंग चोळत, खूर धूत, तिला गूळ भरवत. त्यांनी स्वतःच्या हाताने केलेलं हे आयुष्यातलं एकमेव काम असावं. उस्मानचाचा म्हणत की वकीलसाबला आता घोडीची सवय लागली. मला ते पाहवत नसे. खटला हरलेल्या माणसाने निदान खजील दिसावं एवढी माझी माफक अपेक्षा होती, आणि हा माणूस घामाघूम होऊन, चेहऱ्यावर तकतकी घेऊन, आनंदाने चहा मागत असे.

निकालानंतर पंधरा दिवसांनी मी राजीनामा लिहून नेला. अन्याय, पिळवणूक, सद्सद्विवेक असे शब्द त्यात होते. रात्रंदिवस पत्रकं लिहिणाऱ्याला ते शोधावे लागत नाहीत. वकीलसाहेबांनी तो सावकाश, खटल्याचा कागद वाचावा तसा वाचला. घडी घातली. मग चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"तू गोमा जिंकला म्हणून चालला आहेस," ते म्हणाले. "तो हरला असता तर राहिला असतास. ताब्याचा अर्जही तूच लिहिला असतास."

मी माडीवरून खाली आलो. जिन्यातच मला आठ-दहा उत्तरं सुचली आणि पुढच्या काही वर्षांत आणखी पुष्कळ. ती मी पत्रकांतून लिहिली, सभांतून बोललो, डोंबिवलीच्या माझ्या खोलीत एकटा असतानाही मोठ्याने म्हणून पाहिली. वकीलसाहेब परवाच्या वर्षी गेले. मी गेलो नाही. त्यांच्याविषयी मला आदर नव्हता आणि नाही. तसल्या माणसांनी या जिल्ह्यातली किती घरं उठवली ते मला माहीत आहे, आणि तसले आणखी पुष्कळ अजून पारनाक्यापासून ठाण्यापर्यंत माड्यांवर बसले आहेत. त्यांच्याशी भांडण चालूच राहील.

पण त्या एका वाक्याला माझ्याजवळ उत्तर नाही. सुनावणीच्या दिवशी शपथेवर मी होय म्हटलं तेव्हा गोमा जिंकेल हे कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. आणि मी होय म्हटलं होतं.